कानावरची खाच

मित्रांनो, मी एक जुनी डमी आहे. डमी म्हणजे केस कापायला शिकणाऱ्या मुली ज्याच्यावर सराव करतात ते रबरी डोकं. मला हात नाहीत, पाय नाहीत, मानेखाली काहीच नाही. डोळे आहेत, पण ते मिटता येत नाहीत. ओठ छान रंगवलेले आहेत, पण ते उघडता येत नाहीत. त्यामुळे झालं काय, की जे पाहायला नको होतं ते सगळं मी पाहिलं आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे नुसतं हसऱ्या तोंडाने बसून राहिले. आता तुम्ही भेटला आहात तर मनातलं सांगून टाकते. मला वेड्यात काढलंत तरी राग नाही, कारण माझ्या डोक्यात खरोखरच काही नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून एकामागून एक डोकी बाहेर पडत होती आणि सगळ्यांना एकच नाक, एकच हनुवटी, एकच अर्धवट हसू मिळत होतं. मग बायकांनी सुईने आमच्या टाळूत केस ओवले. माझ्या वाट्याला खरे केस आले, काळेभोर आणि लांबसडक. ते कुणाचे होते ते मला कुणी सांगितलं नाही. कुणीतरी ते वाढवले असतील, त्यांना तेल लावलं असेल, एवढं मात्र मला नेहमी वाटायचं. खोक्यात बसून, हेलकावे खात मी बीड जिल्ह्यात आले आणि चौसाळ्याला उतरले.

चौसाळ्याला हायवेलगत सुंदररावांची इमारत आहे. सुंदरराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. निवडणूक कुठलीही असो, तिची सूत्रं त्यांच्या ओट्यावरून हलतात. त्या इमारतीत खाली दुकानांचे गाळे आहेत आणि वर स्वप्नाली मॅडमचा पार्लरचा वर्ग भरतो. गावातल्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली तिथे शिकायला येतात. मला ज्या मुलीने घेतलं तिचं नाव ऋतुजा.

ऋतुजा गावाबाहेरच्या वस्तीवरची. तिचे आजोबा सटवाआबा जन्मभर मेंढरं राखत आलेले. वडील बजरंग थोडी शेती करायचे आणि उरलेला वेळ सुंदररावांच्या जीपमागे फिरायचे. ऋतुजाने केस कापण्याचं शिक्षण घ्यायचं म्हटल्यावर त्या घरात मोठाच गोंधळ झाला होता म्हणे. तो मी ऐकला नाही, पण त्याची शेपटी मात्र पहिल्याच दिवशी माझ्या कानावर पडली.

"लोकाच्या पोरी नर्सिंगला चालल्यात, पोलीस भरतीला पळायल्यात, आन् तू लोकांचे केस कापणार? कावून?" बजरंग विचारत होते.

"मला जमतंय म्हणून, आप्पा," ऋतुजा म्हणाली.

"मेंढराची लोकर आपल्यात कातरत्यातच की," चुलीपासून मनकर्णाआजी म्हणाल्या. "तवा न्हाई वाटली तुला लाज."

"मेंढरू आन् माणूस येकच हाय का, माय?"

"माणूस लाथ मारत न्हाई, येवढाच फरक हाय."

सगळे हसले. बजरंग मात्र हसले नाहीत. त्यांनी लेकीला समोर बसवलं आणि अट घातली. स्वप्नाली मॅडमच्या वर्गाची परीक्षा घ्यायला संभाजीनगरच्या एका मोठ्या सलूनच्या मालकीणबाई येत आणि दरवेळी एका मुलीला निवडून आपल्याकडे पुढच्या शिक्षणाला आणि कामाला नेत. "त्या बाईनं तुला निवडलं तर खुशाल जा, मी आडवा येत न्हाई," बजरंग म्हणाले. "न्हाई निवडलं, तर ह्यो विषय पुन्हा घरात काढायचा न्हाई. हाय कबूल?"

ऋतुजाने मान हलवली. त्या दिवसापासून माझ्या टाळूवरचे केस हे नुसते केस उरले नाहीत. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्यांच्यावर टांगलेलं होतं.

त्याच दिवशी माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. ऋतुजा मला पिशवीतून घरी आणत होती, तेव्हा वडापच्या जीपमध्ये माझे केस पिशवीबाहेर आले आणि शेजारच्या म्हातारीने, "आगं माय, मुंडकं हाय की हिच्याजवळ!" म्हणून अशी किंकाळी ठोकली की ड्रायव्हरने गाडीच थांबवली. ही हकिकत ऐकून सटवाआबांनी मला पिशवीतून काढलं आणि गुडघ्यावर घेऊन सगळीकडून न्याहाळलं.

"समद्या पोरींजवळ आसलंच हाय?"

"हो आबा. सगळ्यांची सारखीच असत्यात."

"मंग येकमेकींत मिसळल्यावर वळखायचं कसं?"

ऋतुजा काही बोलायच्या आत त्यांनी कमरेचा चाकू काढला, माझा डावा कान दोन बोटांत धरला आणि पाळीच्या वर एक तिरकी खाच पाडली. त्यांच्या कळपातल्या प्रत्येक मेंढराच्या कानावर अशीच खाच असते. ऋतुजा पुढे धावली. "आबा, आवो ती नवी हाय!" ती ओरडली.

"नवी हाय म्हणूनच," आबा म्हणाले. "आता कुठल्या बी कळपात जाऊ दे. आपली ती आपली."

मला दुखलं नाही, मित्रांनो. उलट फार बरं वाटलं. एकाच साच्यातून निघालेल्या त्या सगळ्या डोक्यांत मी पहिल्यांदाच वेगळी झाले होते. माझं कुणीतरी आहे असं मला त्या दिवशी कळलं.

वर्गातले ते दिवस फार सुखाचे गेले. पहिल्या दिवशी मॅडमनी कात्री हातात दिली, तेव्हा ऋतुजाने मला टेबलावरच्या स्टँडवरून उपटलं, खाली बसली आणि मेंढरू धरतात तसं दोन गुडघ्यांत आवळून धरलं. वर्गात हशा पिकला. स्वप्नाली मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला परत स्टँडवर बसवलं, ऋतुजाच्या मागे उभ्या राहिल्या आणि तिचं मनगट धरून कात्री कशी चालवायची ते दाखवलं. चार बोटं स्थिर, अंगठा तेवढा हलता. "हात हलका आहे हिचा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "हसू नका. हा हात शिकवून येत नाही."

स्वप्नाली मॅडम वाईट बाई नव्हत्या हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते. भाड्याच्या खोलीत, दोन आरसे लावून त्यांनी तो वर्ग उभा केला होता. एखाद्या मुलीचं शिक्षण घरचे मध्येच बंद करायला निघाले की त्या स्वतः घरी जाऊन बसायच्या आणि समजूत पटल्याशिवाय उठायच्या नाहीत. ऋतुजा तर त्यांच्यावर जीव टाकायची. मॅडम केस विंचरताना मान किंचित डावीकडे झुकवायच्या, तशी हीसुद्धा झुकवायला लागली होती. वस्तीवर गेल्यावर "आमच्या मॅडम म्हणत्यात" याच्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे. आजी तिला त्यावरून फार चिडवायच्या.

मॅडमनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. माणसाचे केस चुकले तर पुन्हा वाढतात, डमीचे वाढत नाहीत. परीक्षेला लांब केस लागणार, तेव्हा ते राखा. बाकीच्या मुलींनी हे एका कानाने ऐकलं. ऋतुजाने मात्र मनावर घेतलं. ती माझे केस कापेचना. दाराच्या कडीला सुतळी बांधायची, तिचे पीळ उलगडून विंचरायची आणि त्यावर स्टेप कट शिकायची. मक्याच्या कणसांच्या शेंड्या कापायची. आबांचं डोकं तर तिच्या ताब्यातच होतं आणि वस्तीवरची पोरं तिला पाहिली की गोठ्यात लपायची. माझ्यावर ती फक्त भाग पाडायची, चिमटे लावायची आणि कात्री केसांच्या जवळून मोकळीच चालवायची. आठवड्यातून एकदा हापशावर मला न्हाऊ घालायची. तेव्हा मनकर्णाआजी माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणायच्या, "कुणाच्या लेकीबाळीचे आसतील गं हे. नीट इंचर." असं प्रेम फार थोड्या डमींच्या वाट्याला येत असेल.

वर्गात ऋतुजाची एक मैत्रीण होती, आरोही. सुंदररावांची मुलगी. डब्यातली शेंगदाण्याची चटणी दोघी वाटून खायच्या. आरोही मनाने मोकळी होती, पण तिला धीर नव्हता. डमीचे केस मशीनने सरळ करायचे, पुन्हा कुरळे करायचे, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ टाकायचे, यातच तिचे दिवस गेले. तिची डमी बिचारी रोज तापत होती. इकडे सुंदररावांनी मात्र, संभाजीनगरला आमचीच पोरगी जाणार, असं ओट्यावर चारचौघांत सांगून टाकलं होतं. आरोहीच्या चेहऱ्यावर मग हसू कमी दिसायला लागलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्या मुलींना नारायणगडाला दर्शनाला न्यायचं ठरवलं. ऋतुजा मला पिशवीत घालून बरोबरच नेणार होती, पण निघताना मनकर्णाआजींनी तिला अडवलं होतं. "देवाच्या दारात कापल्यालं मुंडकं नेत्यात व्हय? आक्कल हाय का तुला? ठिव वर्गात." ऋतुजाला ते पटलं. तिने मला वर्गातल्या फळीवर, इतर डमींच्या रांगेत ठेवलं, ओढणीने माझं तोंड पुसलं आणि गेली. देवाचा मान राखायला तिने मला मागे ठेवलं, आणि तिथेच घात झाला.

आरोही पोट दुखतंय म्हणून गेली नव्हती. खोलीची किल्ली तिच्याच घरी असायची. दुपारी ती एकटी आली, आपली डमी काढून बसली आणि तिचे केस मशीनने शेवटचे एकदा सरळ करायला गेली. जळक्या केसांचा वास खोलीभर पसरला. कंगव्याबरोबर झुपकाच्या झुपका हातात आला. आरोही आधी नुसती पाहत राहिली, मग टेबलावर डोकं ठेवून रडली. नवी डमी पार्सलने मागवायची तर आठवडा लागतो, आणि परीक्षा तर उद्यावर आली होती. रडून झाल्यावर तिने मान वर केली आणि तिची नजर रांगेतून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"ऋतेचं काय," ती स्वतःशीच म्हणाली, "ती कशावर बी कापती. तिला काय फरक पडायलाय."

तिने माझ्या जागी जळकी डमी ठेवली आणि मला आपल्या पिशवीत घातलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला तेव्हा भीती वाटली नाही. माझ्या कानावर खूण होती. आबांनी सांगितलं होतं, आपली ती आपली. उद्या कुणीतरी केस बाजूला करील आणि मी घरी जाईन, अशी माझी खात्री होती.

परीक्षेच्या दिवशी खोलीत पताका लावल्या होत्या. सलूनच्या मालकीणबाई विमलबाई आल्या. त्यांच्या सत्काराला सुंदरराव स्वतः आले आणि त्यांच्यामागे शाल-नारळाचं ताट धरून बजरंग उभे राहिले. मुली आपापल्या डमी घेऊन टेबलांशी गेल्या. एवढ्यात ऋतुजाचा आवाज आला.

"मॅडम, ही माझी डमी न्हाई."

सगळ्या वळल्या. तिच्या हातात ते होरपळलेलं डोकं होतं. तिने खोलीभर पाहिलं आणि तिची नजर आरोहीच्या टेबलावर, माझ्या केसांवर स्थिरावली. आपल्या हाताने न्हाऊ-माखू घातलेले केस ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

"ती माझी हाय," ती म्हणाली.

"काय पण बोलतीस, ऋते," आरोही म्हणाली. "सगळ्या सारख्याच तर असतात."

"माझीच्या डाव्या कानाला खाच हाय. आबांनी पाडलीय. बघा मॅडम, केस उचलून बघा." ती पुढे यायला निघाली.

"थांब तू," मॅडम म्हणाल्या. "मी बघते."

ऋतुजा थांबली. मॅडम बघताहेत म्हटल्यावर तिच्या जिवात जीव आला, ते मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. मॅडम माझ्याजवळ आल्या. खोलीतल्या मुलींकडे त्यांची पाठ होती. त्यांनी माझ्या डाव्या कानावरचे केस दोन बोटांनी उचलले आणि त्यांचं बोट बरोबर खाचेत अडकलं. ते बोट तिथेच राहिलं. मॅडमनी खाच पाहिली. नंतर त्यांनी सुंदररावांकडे पाहिलं. ते विमलबाईंना सांगत होते की ही खोली आपण मुलींच्या शिक्षणासाठी दिलेली आहे, आपल्याला काय, गावच्या लेकी पुढे गेल्या पाहिजेत.

मॅडमच्या खांद्यावरून आणखी एक माणूस माझ्या कानाकडे पाहत होता. ताट धरलेले बजरंग. मेंढरांत वाढलेला माणूस तो, त्याची नजर कानावर जाणारच. आपल्या बापाच्या हातची खाच त्यांनी ओळखली. ताटातला नारळ गडगडला आणि त्यांनी तो घाईने सावरला.

आता बोलतील, मला वाटलं. दोघांपैकी कुणीतरी एक बोलेल.

मॅडमनी केसांची बट खाली ओढली. वरून दोनदा कंगवा फिरवला. "इथं काही खूण नाही, ऋतुजा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तुझी गडबड झाली असेल काहीतरी. वेळ घालवू नकोस."

ऋतुजाने वडिलांकडे पाहिलं. "गप बस," बजरंग जमिनीकडे बघत म्हणाले. "सायबांच्या पोरीवर आळ घेतीस व्हय? माफी माग तिची."

आणि मित्रांनो, तिने माफी मागितली. मॅडमनी हात लावून पाहिलं होतं, म्हणजे खूण नसणारच. तिला दुसरं काही सुचलंच नाही. "चुकलं माझं, आरोही," ती म्हणाली. आरोहीचे डोळे भरून आले होते, पण तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यानंतर मॅडम आरोहीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "कान झाकलेलेच ठेव." मी आजवर कधी कुणाचा राग केला नव्हता. तेव्हा मात्र असं वाटलं की मला दात असते तर मी ते बोट चावलं असतं.

आरोहीने माझे केस मानेपर्यंत कापले आणि कान झाकून ठेवले. ऋतुजा जे केस स्वतःलासुद्धा कापू देत नव्हती ते असे भीतभीत, वेडेवाकडे जमिनीवर पडले. पलीकडच्या टेबलावर ऋतुजा त्या जळक्या केसांशी झगडत होती. विमलबाई तिच्याजवळ घडीभर थांबल्या. "डमी ज्याची असेल त्याची असो," त्या म्हणाल्या, "पण या केसांवर मी तुझं काय पाहू, बाळ?" आणि त्या पुढे गेल्या. निवड आरोहीची झाली. सुंदररावांनी टाळ्या वाजवल्या तशा सगळ्यांनी वाजवल्या. बजरंग दोन्ही हातांत ताट धरून होते, त्यामुळे त्यांना वाजवाव्या लागल्या नाहीत.

पुढे आरोही संभाजीनगरला गेली आणि लवकरच परत आली. दिवसभर उभं राहणं तिला झेपलं नाही. मग सुंदररावांनी खालच्याच गाळ्यात तिला पार्लर काढून दिलं आणि मला दर्शनी काचेत बसवलं. तिथे ऊन लागायचं, हायवेची धूळ बसायची, कंटेनर गेला की मी थरथरायचे. काचेतून मला रस्ता दिसायचा. ऋतुजा एकदाही दिसली नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे तिने विषय बंद केला होता, कात्री फडक्यात गुंडाळून ठेवली होती आणि ती आबांबरोबर मेंढरांमागे जायला लागली होती. हे मला पार्लरात येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. ती आता कुणाशी धड बोलत नाही, वर्गातल्या एकाही मुलीकडे जात नाही, असंही कुणीतरी म्हणालं.

लग्नसराई आली. पार्लरात छबुबाई नावाची एक बीडची बाई कामाला होती. तिला मागचं काही माहीत नव्हतं. आरोही जेवायला गेली असताना तिने माझ्या तोकड्या केसांना गंगावन जोडलं, त्याचा मोठा अंबाडा घातला, वर गजरा माळला आणि नवरीसारखी सजवून मला काचेत ठेवलं. अंबाड्यासाठी सगळे केस मागे ओढून घेतले होते. माझे दोन्ही कान उघडे पडले. कितीतरी दिवसांनी माझ्या खाचेला वारा लागला.

आणि त्याच आठवड्यात हायवेच्या कडेने सटवाआबा मेंढरं घेऊन चालले होते. नवरीचा अंबाडा, गजरा यांतलं काही त्यांना दिसलं नसेल. त्यांना कान दिसला. ते थबकले, काचेला नाक लावून त्यांनी पाहिलं, मेंढरांना तिथेच रस्त्याकडेला थोपवलं आणि सरळ दार ढकलून आत आले.

"आवो बाबा, इथं गडीमाणसांना येता येत नाही!" छबुबाई ओरडली. खुर्चीतली बाई तोंडावर टॉवेल ओढून बसली.

"मी काय तोंड रंगवायला न्हाई आलो, बाई," आबा म्हणाले. त्यांनी मला उचललं आणि अंगठा खाचेवरून फिरवला. "हे आमचं हाय."

आरोही मागच्या खोलीतून बाहेर आली आणि आबांना पाहून जागच्या जागी उभी राहिली. गलका ऐकून वरून स्वप्नाली मॅडमही जिना उतरून आल्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी आमच्या ऋतीच्या मास्तरीणबाई न्हवं? बघा बरं ह्यो कान."

त्यांनी मला मॅडमच्या पुढे धरलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. "घेऊन जा, बाबा," त्या म्हणाल्या आणि पदर सावरत पुन्हा जिना चढून गेल्या.

आबांनी मला घोंगडीत गुंडाळलं आणि मेंढरांच्या मागे मागे घरी आणलं. अंगणात ऋतुजा भांडी घासत होती. घोंगडीतून माझं तोंड बाहेर आलं, तशी ती राखेच्या हातानेच धावत आली आणि तिने मला छातीशी धरलं. ती हसत होती. मग आबा म्हणाले, "सुंदररावाच्या पोरीच्या दुकानात व्हती," आणि तिचं हसू हळूहळू गेलं.

"आरोहीच्या?" तिने विचारलं. "मंग त्या दिवशी तिच्याच टेबलावर व्हती ही." तिने माझ्या खाचेवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं, मॅडमचं राहिलं होतं तसं. "आबा, मॅडमनी हात लावून बघितलं व्हतं. इथंच, ह्याच जागी. आन् म्हणाल्या, खूण न्हाई."

मनकर्णाआजी चुलीपासून उठून तिच्याजवळ येऊन बसल्या.

"मी समद्या मैत्रिणींवर संशय घेतला, आबा. येकीशी बी बोलले न्हाई इतके दिवस. येक मॅडम तेवढ्या सोडल्या."

आता ती रडली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तेवढ्यात बजरंग बाहेरून आले. मला पाहताच ते पायातली चप्पल काढायलासुद्धा विसरले.

"हे कावून आणलं?" ते म्हणाले. "नेऊन द्या परत. सुंदररावाशी वाकडं घेऊन ह्या गावात ऱ्हायचंय का न्हाई आपल्याला?"

सटवाआबा खांबाला टेकून बसले होते. "बजरंग," ते म्हणाले, "तू बी व्हतास की तिथं. तुला कान दिसला न्हाई?"

बजरंग खाली वाकून चप्पल काढायला लागले. ते नुसतं "न्हाई" म्हणाले असते तरी ऋतुजाने विश्वास ठेवला असता, कारण विश्वास ठेवायला तिला फक्त एक शब्द हवा होता. पण त्यांच्या तोंडून तो निघाला नाही. आपली खूण आपल्या माणसाने ओळखली आणि तरी आपल्याकडूनच माफी मागवली, हे तिला कळलं. तिचं रडणं थांबलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला पाहवलं नाही, आणि मला डोळे मिटता येत नाहीत.

ती उठली, घरात गेली आणि फडक्यात गुंडाळलेली कात्री घेऊन आली. अंगणात बसून तिने मला पहिल्या दिवसासारखं दोन गुडघ्यांत घट्ट धरलं. गंगावन उपटून बाजूला टाकलं. मग आरोहीने राखलेले ते कानांवरचे केस तिने एका बाजूने कापायला सुरुवात केली. चार बोटं स्थिर होती, अंगठा तेवढा हलत होता. डाव्या कानाभोवती ती फार सावकाश गेली. शेवटी माझ्या कानांजवळ केसच उरले नाहीत आणि खाच अंगणातून कुठूनही दिसायला लागली.

"आता ओढा म्हणावं मॅडमला कानावर केस," ती म्हणाली.

मग तिने वडिलांकडे पाहिलं. "आप्पा, मी विषय काढायलेय."

"आपलं काय ठरलं व्हतं?" बजरंग हळूच म्हणाले.

"ठरलं व्हतं म्हणून तर गप बसले. पण तुमी ठरल्याला जागला न्हाई. आता मी रोज काढणार ह्यो विषय. जेवताना काढणार, झोपताना काढणार."

बजरंग मेंढरांच्या वाड्याकडे निघून गेले. मनकर्णाआजींनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, आपला पांढरा अंबाडा सोडला आणि नातीपुढे पाठ करून बसल्या. "घे, माझी बी टोकं काप," त्या म्हणाल्या. "लई फाटल्यात."

मित्रांनो, उद्या ऋतुजा मला पिशवीत घालून संभाजीनगरला विमलबाईंकडे, माझी खाच आणि आपलं काम दाखवायला नेणार आहे. त्या तिला आत घेतील की दारातूनच परत पाठवतील, मला ठाऊक नाही. बजरंग अजून तिच्याशी बोलत नाहीत आणि तीही त्यांच्याशी केस कापण्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नाही. माझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही ना काही मागतात. आम्हाला पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, असं मीही मागितलं असतं. पण माझं मागणं वेगळंच आहे. तुम्हीही मोठे व्हाल, कुठेतरी काम कराल आणि एखाद्या दिवशी कुणाच्या तरी कानावरची खूण तुमच्या बोटाला लागेल. समोर कुणीतरी मोठा माणूस बसलेला असेल आणि मागे एक मुलगी तुमच्या शब्दाची वाट पाहत उभी असेल. तेव्हा तेवढी ती केसांची बट खाली ओढू नका. माझे ओठ नुसते रंगवलेले आहेत, तुमचे उघडतात.